निवडणं-टिपणं

मी राहतो त्या गावाच्या नावाच्या पोटात
एक शिवी दडलेली आहे.
स्कन्थॉर्प. इंग्रजीत लिहा, सावकाश, सापडेल.
एके काळी म्हणे यंत्रांनाही ती सापडायची,
आणि हे नाव लिहिणारा माणूस सभ्य नसणार
असं ठरवून ती फाटक लावून घ्यायची.
पोलादाच्या कारखान्यातला माझा जोडीदार क्लाइव्ह
ही गोष्ट अजून सांगतो,
चहात बिस्किट विरघळून बुडेपर्यंत.

मी हसायचो. माझं काय जात होतं?
माझ्याकडे तर सगळे आत येत होते:
डेपोत अडकलेलं, मी न मागवलेलं पार्सल,
गुडघ्यांसाठी समुद्री शेवाळ,
ज्या बँकेत माझं खातं नाही
तिथलं खातं बंद करण्याची धमकी.
आणि रोज पहाटे चारला
कुणीतरी मला 'प्रिय विजेत्या' म्हणायचं.
चाळीस वर्षांच्या नोकरीत असं कुणी म्हटलं नव्हतं.

लायब्ररीतली बेथनी दर बुधवारी शिकवते.
नाव वाचू नका, नावामागचा पत्ता वाचा.
घाई करतो त्याच्यापासून लांब राहा.
'नको' म्हणायलासुद्धा उत्तर देऊ नका,
उत्तर म्हणजे घरात माणूस असल्याची दवंडी.
मी वहीत उतरवून घेतलं, माझ्या भाषेत:
कडी वाजली तरी खोकायचं नाही.

मग तिनं एक चाळणी लावून दिली, बारीक विणीची.
आठवड्यात घर शांत झालं.
इतकं, की बॉयलर पेटल्याचं कळायला लागलं.

फेब्रुवारीत गॅसचं बिल मिळेना
म्हणून त्या कचऱ्याच्या खोलीत डोकावलो.
शेवाळ. पार्सल. एक एकाकी स्वेतलाना.
आणि त्यांच्या गर्दीत, अंग चोरून,
देवनागरीत:
'बाळू, शेवटचं विचारते.'

ताई.
नातवानं काढून दिलेला पत्ता,
नावामागे सहा आकडे, चोराला शोभतील असे.
अनोळखी लिपी. आणि घाई.
माझ्या वहीप्रमाणे सगळे गुन्हे शाबीत.

आत एवढंच:
'आधीच्या दोन पत्रांना उत्तर नाही.
रागावला असशील तर राग तरी कळव.
मला एक पत्र टाइप करायला चार दिवस लागतात.'

आधीची दोन.
इथला कचरा तीस दिवसांनी आपोआप जातो.
कुठे जातो, विचारलं बेथनीला.
ती म्हणाली, कुठेच नाही, जातो.
म्हणजे आठ दिवस गेले.
एका बोटानं शोधलेली आठ दिवसांची अक्षरं.

लहानपणी तांदूळ निवडताना
ती माझ्या हातातलं सूप काढून घ्यायची.
'खड्याबरोबर दाणेही फेकतोस मेल्या,'
आणि ओट्याखाली वाकून
फेकलेल्यातून एकेक परत वेचायची.
चिमणीनं नेलेल्याचाही हिशोब
माझ्याकडेच मागायची.

'हे जंक नाही' असं एक बटण असतं.
दाबलं.
यंत्रानं विचारलं, या व्यक्तीला आपण ओळखता का?

मग फोन केला.
हवा, पाणी, तिची साखर, इथलं धुकं.
फोनवर आम्ही याच्या पलीकडे कधी गेलोच नाही.
त्या दोन पत्रांत काय होतं गं?
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
'आता काय ते. लिहिलं होतं ना.'

तेव्हा तीन संध्याकाळी झाल्या, लिहायला बसतोय.
'प्रिय'मधला प्र कसा जुळवायचा, काल सापडलं.
'ताई' आज झालं.
वर उजवीकडे तारीख घातलीय, जुन्या सवयीनं,
आणि गावाचं नाव लिहावं की नाही
यावर अडलोय.
उगाच तिकडची चाळणी बिथरायची.